गळी उतरवणे आणि पचनी पडणे : कर्मचाऱ्यांकडून होणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या 'स्वीकारा'ची चिकित्सा

सारांश

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने कामाच्या ठिकाणी आली की कर्मचाऱ्यांनी ती स्वीकारावीत म्हणून त्यांना मदत कशी करावी, हा प्रश्न व्यवस्थापनशास्त्रात आज अग्रभागी आहे. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाच्या मांडणीचीच चिकित्सा केली आहे. 'बदलाला विरोध' आणि 'तंत्रज्ञानाचा स्वीकार' या दोन रूढ संकल्पना कर्मचाऱ्याच्या मनाकडे बोट दाखवतात आणि कामाच्या अटींकडे पाठ फिरवतात. २०२३ ते २०२५ या काळातील प्रयोग, अहमदाबादच्या कापडगिरणीचा अनुभव, भारतीय बँकांतील यांत्रिकीकरणाचे करार आणि कामगार कायद्यातील तरतूद यांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, कर्मचाऱ्याला खरी मदत करायची तर त्याची जबाबदारी, त्याचे ज्ञान आणि त्याचा नकाराचा हक्क यांविषयीच्या अटी आधी ठरल्या पाहिजेत.

बीजशब्द : कृत्रिम बुद्धिमत्ता, तंत्रज्ञान-स्वीकार, बदलाला विरोध, प्रशिक्षण, सामूहिक करार, अध्यापक.

प्रस्तावना

नवी गोष्ट माणसाने आपलीशी करण्याच्या वेगवेगळ्या अवस्थांसाठी मराठीत वेगवेगळे वाक्प्रचार आहेत. एखादी गोष्ट आपण दुसऱ्याच्या 'गळी उतरवतो'. ती त्याच्या 'पचनी पडते' किंवा पडत नाही. पुढे ती 'अंगवळणी पडते' आणि त्या कामावर त्याचा 'हात बसतो'. यांपैकी पहिल्या क्रियेचा कर्ता दुसरा कुणी असतो. उरलेल्या तीन क्रिया ज्याची त्यानेच, आपल्या वेळेने करावयाच्या असतात. गळी उतरलेली प्रत्येक गोष्ट पचनी पडतेच असे नाही, हे भाषेला ठाऊक आहे. व्यवस्थापनशास्त्राने मात्र या चारही अवस्थांसाठी 'स्वीकार' हा एकच शब्द वापरला आणि त्यामुळे त्यांच्यातील फरक दिसेनासा झाला.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वसामान्यांसाठी खुले झाले. त्यानंतर बँका, विमा कंपन्या, वृत्तपत्रे, रुग्णालये, सरकारी कार्यालये आणि महाविद्यालये अशा सर्वच ठिकाणी मजकूर लिहिणारी, सारांश काढणारी, पत्रांना उत्तरे सुचवणारी साधने येऊ लागली. त्यांच्यामागोमाग कार्यशाळा, प्रमाणपत्रे आणि मार्गदर्शक पुस्तिकाही आल्या. या साऱ्यांचा सूर साधारणतः एकच असतो : साधन चांगले आहे, कर्मचारी घाबरलेला आहे, त्याची भीती घालवली की काम झाले. हा सूर कितपत योग्य आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, तंत्रज्ञान-स्वीकाराविषयीच्या प्रचलित विचाराची मुळे शोधणे. दुसरे, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराविषयी उपलब्ध असलेल्या प्रायोगिक निष्कर्षांच्या कसोटीवर तो विचार घासून पाहणे. तिसरे, भारतीय अनुभवातून त्याला काही पर्याय मिळतो का ते पाहणे. यासाठी प्रकाशित संशोधन, करार आणि कायदे या दुय्यम साधनांचा आधार घेतला असून पद्धती विश्लेषणात्मक व चिकित्सक आहे.

१. 'विरोध' ही संकल्पना कोठून आली?

लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांचा 'ओव्हरकमिंग रेझिस्टन्स टू चेंज' हा लेख १९४८ साली 'ह्यूमन रिलेशन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बदल-व्यवस्थापनाच्या साहित्यात तो आद्य मानला जातो. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात मॅरियन या गावी हारवूड कंपनीचा पायजमे शिवण्याचा कारखाना होता. तेथील बहुसंख्य कामगार स्त्रिया होत्या आणि त्यांना नगावर मजुरी मिळे. कामाची पद्धत बदलली की उत्पादन घसरे आणि बायका काम सोडून जात. संशोधकांनी एका गटाला बदल नुसता कळवला, एका गटाचे प्रतिनिधी चर्चेत घेतले आणि दोन गटांतील सर्वांना नव्या कामाची आखणी करण्यात सामील केले. ज्या गटाला बदल नुसता कळवला होता, त्यातील १७ टक्के कामगारांनी पहिल्या ४० दिवसांत नोकरी सोडली. सर्वांना सामील केलेल्या गटांत कुणीही नोकरी सोडली नाही आणि त्यांचे उत्पादन बदलापूर्वीच्या पातळीपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी वर गेले.

या प्रयोगाचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. सहभागाने फरक पडतो, हे त्याने आकड्यांनी दाखवले. तथापि दोन गोष्टींकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. बदल करावा की नाही, हा प्रश्न कामगारांपुढे कधीच ठेवला गेला नव्हता. तो कसा करावा, एवढेच त्यांना विचारले गेले. दुसरे असे की, लेखाच्या शीर्षकातच विरोध ही 'मात करण्याची' गोष्ट ठरली. नगावर मजुरी घेणाऱ्या स्त्रीचा नव्या पद्धतीवर हात बसेपर्यंत तिची रोजची कमाई घटते. ती कुरकुर करते त्यामागे तिचा हिशेब असतो. तो हिशेब चुकीचा असू शकेल. पण तो हिशेब आहे, आजार नव्हे. पुढील साहित्यात मात्र विरोधाचे निदान आणि उपचार यांचीच परंपरा वाढली. एव्हरेट रॉजर्स यांनी 'डिफ्युजन ऑफ इनोव्हेशन्स' या १९६२ च्या ग्रंथात नवता उशिरा स्वीकारणाऱ्यांना जो वर्ग दिला, त्याच्या नावाचा अर्थच 'मागे रेंगाळणारे' असा होतो. नाव ठेवले की कारण विचारण्याची गरज उरत नाही.

२. भासणारी उपयुक्तता आणि असणारी उपयुक्तता

फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेले तंत्रज्ञान-स्वीकाराचे प्रारूप आपल्याकडील वाणिज्य व व्यवस्थापन शाखांतील प्रबंधांतही सर्रास वापरले जाते. एखादे साधन आपले काम सुधारेल असे माणसाला वाटणे, आणि ते वापरायला सोपे आहे असे वाटणे, या दोन गोष्टींवर त्याचा वापर अवलंबून असतो, असे हे प्रारूप सांगते. १५२ वापरकर्ते आणि चार संगणकीय कार्यप्रणाली यांच्या आधारे डेव्हिस यांनी दाखवले की, या दोहोंत उपयुक्ततेच्या भावनेचा वापराशी असलेला संबंध अधिक बलवान आहे.

हे प्रारूप सुटसुटीत आहे; प्रश्नावली करावयास सोयीचे आहे. त्याच्या लोकप्रियतेचे एक कारण हेही असावे. पण ते मोजते ते 'वाटणे'. टंकलेखन करणाऱ्या किंवा पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या प्रणालीच्या बाबतीत वाटणे आणि असणे यांत फार अंतर पडत नसे. पत्र वेळेवर निघाले की नाही हे डोळ्यांना दिसे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतीत हे अंतर केवढे पडू शकते, हे एम.ई.टी.आर. या संशोधन संस्थेच्या २०२५ च्या प्रयोगातून दिसले. आपापल्या प्रकल्पांत मुरलेल्या १६ अनुभवी संगणक-प्रणालीकारांना २४६ कामे देण्यात आली. काही कामांत त्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरण्याची मुभा होती, काहींत नव्हती. आपला वेळ २४ टक्के वाचेल असा त्यांचा आधीचा अंदाज होता. काम संपल्यावरही आपला सुमारे २० टक्के वेळ वाचला असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात साधने वापरलेल्या कामांना १९ टक्के अधिक वेळ लागला होता.

सोळा जणांच्या प्रयोगावरून सर्व व्यवसायांविषयी निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही, आणि साधनेही झपाट्याने बदलत आहेत. परंतु प्रारूपाच्या दृष्टीने हा निष्कर्ष मुळावर येणारा आहे. जाणकार माणसालाही स्वतःचा लाभ आणि स्वतःची हानी यांतला फरक आतून कळत नसेल, तर 'हे साधन तुम्हाला उपयुक्त वाटते का?' या प्रश्नाच्या उत्तरांवर उभा केलेला स्वीकाराचा निर्देशांक नेमके काय सांगतो? डेव्हिस यांच्या प्रारूपाप्रमाणे हे सोळाही जण यशस्वी स्वीकाराची उदाहरणे ठरतील.

प्रारूपाची दुसरी मर्यादा याहून जुनी आहे. उपयुक्तता कोणाला, हा प्रश्न ते विचारत नाही. एरिक ब्रिन्योल्फसन, डॅनिएल ली आणि लिंडसे रेमंड यांनी २०२३ मध्ये ५,१७९ ग्राहकसेवा प्रतिनिधींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ग्राहकाला काय उत्तर द्यावे हे सुचवणारे साधन मिळाल्यावर दर तासाला सोडवलेल्या तक्रारींचे प्रमाण सरासरी १४ टक्क्यांनी वाढले. नवशिक्या व कमी कुशल प्रतिनिधींच्या बाबतीत ही वाढ ३४ टक्के होती. अनुभवी व कुशल प्रतिनिधींना मात्र जवळपास काहीच लाभ झाला नाही. यामागचे कारण अभ्यासकांनीच स्पष्ट केले आहे. साधन शिकले होते ते पूर्वीच्या संभाषणांतून, म्हणजेच उत्तम प्रतिनिधींच्या बोलण्यातून. जाणत्यांचे कसब यंत्राच्या वाटेने नवख्यांपर्यंत पोहोचले.

हा निष्कर्ष साधनाच्या बाजूने दिला जातो आणि ते योग्यच आहे. नवख्याला आधार मिळणे ही चांगली गोष्ट आहे. पण त्याच कार्यालयातील वीस वर्षे अनुभव असलेल्या व्यक्तीच्या जागी उभे राहून पाहिले तर चित्र वेगळे दिसते. तिचे कसब तिच्याकडून घेतले गेले, ते सर्वांत वाटले गेले, तिच्या वेतनात त्याचा मोबदला आला नाही आणि तिचे वेगळेपण कमी झाले. अशा व्यक्तीने साधनाकडे संशयाने पाहिले तर तिला 'मागे रेंगाळणारी' म्हणायचे का? तिला मदत हवी आहे असे म्हटले जाते. तिला हवा असतो तो हिशेब.

३. प्रशिक्षण कशाचे?

स्वीकाराच्या साहित्यात प्रशिक्षणाला रामबाण उपायाचे स्थान आहे. महाराष्ट्रातील शासकीय कर्मचारी आणि शिक्षक यांना याचा जुना परिचय आहे. २००० च्या दशकाच्या आरंभी महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि तो ठरावीक मुदतीत उत्तीर्ण होण्याची अट वेतनवाढीशी जोडली गेली. या अभ्यासक्रमाने लाखो लोकांचा हात प्रथमच कळफलकावर टेकवला, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र त्यासोबत एक सवयही लागली : प्रमाणपत्र सेवापुस्तिकेला जोडले की संगणक कार्यालयात आला असे मानण्याची. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या दोन दिवसांच्या कार्यशाळा भरतात, तेव्हा ही सवय आपल्याबरोबर सभागृहात येते.

संगणकाच्या बाबतीत ही सवय फारशी धोक्याची नव्हती. संगणक चालवता आला नाही तर तो अडून बसे. अज्ञान लगेच उघडे पडे. कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन अडून बसत नाही. ते चुकीचे उत्तरही नीटनेटक्या भाषेत, आत्मविश्वासाने देते. म्हणून येथे शिकवायची मुख्य गोष्ट साधन कसे चालवावे ही नसून त्यावर कोठे विसंबू नये ही आहे, आणि नेमकी तीच कार्यशाळांत कमी असते.

या विधानाला प्रयोगाचा आधार आहे. फॅब्रिझिओ डेल'आक्वा आणि सहकारी यांनी २०२३ मध्ये बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या ७५८ सल्लागारांवर प्रयोग केला. जी कामे साधनाच्या आवाक्यात होती, त्यांत साधन वापरणाऱ्यांनी १२.२ टक्के अधिक कामे पूर्ण केली, ती २५.१ टक्के अधिक वेगाने केली आणि त्यांचा दर्जा ४० टक्क्यांहून अधिक सरस ठरला. पण एक काम मुद्दाम साधनाच्या आवाक्याबाहेरचे निवडले होते. त्यात साधनाविना काम करणाऱ्यांपैकी सुमारे ८४ टक्के जणांचे उत्तर बरोबर आले. साधन वापरणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवर आले. आणि साधन कसे वापरावे याचे मार्गदर्शन ज्यांना आधी दिले होते, त्यांचे प्रमाण सुमारे ६० टक्के इतके खाली गेले.

हा तपशील अध्यापकांनी विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. मार्गदर्शनाने भीती गेली आणि तिच्याबरोबर सावधपणाही गेला. केवळ भीती घालवणे हे ज्या प्रशिक्षणाचे ध्येय असते, ते कर्मचाऱ्याचे विवेचक मन दुबळे करू शकते. 'विरोध' म्हणून ज्याची नोंद होते त्यातला काही भाग म्हणजे अनुभवी माणसाची शंका असते, आणि ती शंका हीच या साधनांच्या सुरक्षित वापराची पहिली अट आहे.

शंका सोडून देण्याची किंमत कोण मोजतो, तेही स्पष्ट होऊ लागले आहे. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील एका संघीय न्यायालयाने दोन वकिलांना आणि त्यांच्या व्यवसायसंस्थेला ५,००० डॉलर दंड केला, कारण चॅटजीपीटीने रचलेले अस्तित्वात नसलेले निवाडे त्यांनी न्यायालयात सादर केले होते. साधनाला दंड झाला नाही. होणेही शक्य नव्हते. साधन वापरण्याचा आग्रह वरून येतो आणि चुकीची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते, अशी व्यवस्था ज्या कार्यालयात असेल, तेथे कर्मचाऱ्याचा संकोच हा त्याचा सारासार विचार मानला पाहिजे.

४. अहमदाबादचा धडा

नवे यंत्र आणि जुना कामगार यांच्या संबंधाचा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्या शेजारच्या राज्यात झाला. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये १९५० च्या दशकाच्या आरंभी स्वयंचलित माग बसवले गेले. यंत्रे आधुनिक होती; तरीही उत्पादन अपेक्षेइतके वाढेना आणि कापड खराब होण्याचे प्रमाणही कमी होईना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस १९५३ मध्ये तेथे आले. त्यांना दिसले की २२४ मागांच्या खात्यात काम बारा वेगवेगळ्या भूमिकांत चिरले गेले आहे. विणकर, बॉबिन भरणारे, तुटलेले धागे जोडणारे, तेल देणारे, झाडणारे असे सारे त्या मागांवर काम करत, पण कोणीही कोणाचा सहकारी नव्हता. काही मागांचा एक समूह एका लहान गटाकडे सोपवावा, अशी सूचना राइस यांनी केली. ती कामगारांनी आणि पर्यवेक्षकांनी उचलून धरली आणि गट स्वतःच बनवले. माग तेच राहिले. उत्पादन वाढले आणि खराब कापडाचे प्रमाण घटले. राइस यांनी हा वृत्तान्त १९५८ च्या 'प्रॉडक्टिव्हिटी अँड सोशल ऑर्गनायझेशन' या ग्रंथात दिला आहे.

येथे कामगारांची मानसिकता बदलण्याचा कार्यक्रम झाला नव्हता. बदलली ती कामाची रचना. अडचण माणसांत असल्यासारखी दिसत होती, पण ती यंत्राभोवती कामाची जी वाटणी झाली होती तिच्यात होती. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतीत हेच घडताना दिसते. साधनाने मसुदा लिहायचा आणि माणसाने तो तपासायचा, अशी वाटणी केली जाते. परंतु तपासण्याला लागणारा वेळ कामाच्या तासांत धरला जात नाही. मग तपासणी नावापुरती उरते.

या प्रयोगाचे गुणगान करताना त्याची पुढची कथाही सांगितली पाहिजे. एरिक मिलर यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाठपुराव्यात ही गटपद्धती सर्वत्र टिकली नसल्याचे नोंदवले. बाजाराची परिस्थिती आणि व्यवस्थापनाचा दबाव बदलला की सवलतीने मिळालेली मुभा आटत जाते. मुभा टिकायची तर ती कागदावर यावी लागते. म्हणून सहभागाच्या पुढचा टप्पा कराराचा आहे.

५. करारातून आलेला स्वीकार : बँकांचा अनुभव

संगणकाला भारतीय कर्मचाऱ्यांनी केलेला विरोध हा आज बहुधा थट्टेचा विषय असतो. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कलकत्ता येथील इलॅको हाऊस या इमारतीत संगणक येऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी पहारा दिला होता. हा प्रश्न इतका तीव्र होता की, केंद्र सरकारने स्वयंचलितीकरणाचा विचार करण्यासाठी पुण्याचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. त्या काळातील विरोधात अतिरेक होता, हे मान्य करायला हवे. पण कथा तेथे संपत नाही.

१९८३ मध्ये भारतीय बँक संघ आणि बँक कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाविषयी करार झाला. पाठोपाठ १९८४ मध्ये सी. रंगराजन समितीचा अहवाल आला आणि शाखांमध्ये लेजर पोस्टिंग मशीन दिसू लागली. १९९३ मध्ये संगणकीकरणाचा आणखी व्यापक करार झाला. कोणती यंत्रे, किती आणि कोठे बसवायची, ती चालवणाऱ्यांना कोणता विशेष भत्ता द्यायचा आणि नोकरीची शाश्वती कशी राखायची, हे या करारांचे विषय होते. पुढे २००० च्या दशकात सार्वजनिक बँकांच्या हजारो शाखा कोअर बँकिंगने जोडल्या गेल्या. ज्यांनी खातेवह्या हाताने लिहिल्या होत्या, अशा अनेकांनीच ते स्थित्यंतर पार पाडले. ज्या संघटनांना यंत्रविरोधी म्हटले गेले, त्यांच्याच सह्यांनी यंत्र शाखेत आले. स्वीकाराच्या प्रारूपांत या सह्यांना स्थान नाही.

या अनुभवाचे गौरवीकरण करण्याचाही हेतू नाही. यांत्रिकीकरण संथ राहिले आणि त्याची झळ ग्राहकांना बसली. २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्ती योजनेखाली सार्वजनिक बँकांतून सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. करारांनी दिलेली शाश्वती सर्वांना शेवटपर्यंत पुरली असे म्हणता येत नाही. कंत्राटी कामगार तर करारांच्या कक्षेबाहेरच राहिले. तरीही करार असल्यामुळे वाद कशाविषयी आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतीत याच मार्गाचे ताजे उदाहरण अमेरिकेतील चित्रपट व दूरचित्रवाणी लेखकांचे आहे. रायटर्स गिल्ड ऑफ अमेरिकेचा संप २ मे २०२३ पासून १४८ दिवस चालला. त्यानंतरच्या करारात असे ठरले की, कंपनी लेखकावर असे साधन वापरण्याची सक्ती करू शकत नाही. कंपनीची संमती असल्यास लेखक ते स्वेच्छेने वापरू शकतो. आणि कंपनीने दिलेले साहित्य यंत्रनिर्मित असेल तर तसे सांगणे तिच्यावर बंधनकारक आहे. साधनावर बंदी घातली गेली नाही. वापर कोणाच्या इच्छेने आणि कोणत्या माहितीनिशी व्हावा, एवढे ठरले.

६. कायद्यातील जागा आणि अध्यापक

आपल्या कायद्यात या प्रश्नाला पूर्वीपासून जागा आहे, याचा विसर पडलेला दिसतो. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मधील कलम ९-अ आणि चौथी अनुसूची यांनुसार, कामगारकपात होण्याचा संभव असलेली यंत्रसामग्रीतील किंवा तंत्रातील सुधारणा करण्यापूर्वी २१ दिवसांची सूचना देणे मालकावर बंधनकारक होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्येही कलम ४० आणि तिसरी अनुसूची यांत ही तरतूद कायम आहे. ती संमतीची नव्हे, फक्त सूचनेची अट आहे, आणि कपातीचा संभव असेल तरच लागू होते. कृत्रिम बुद्धिमत्तेने नोकरी न जाता कामाचे स्वरूप पालटले, तर ही तरतूद मौन राहते.

आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने तर हे मौन अधिकच गडद आहे. गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये असा निर्णय दिला की, शिक्षक हे त्या अधिनियमाच्या व्याख्येतील 'कामगार' नव्हेत. कारण त्यांचे काम शारीरिक, कुशल वा अकुशल श्रमाचे, लिपिकाचे किंवा तांत्रिक स्वरूपाचे नसते. अध्यापन हे त्याहून निराळे, उदात्त कार्य मानले गेले. या सन्मानाची दुसरी बाजू अशी की, तंत्रातील बदलाची सूचना मिळण्याचा जो किमान हक्क गिरणीतील कामगाराला होता, तो अध्यापकाला या वाटेने मिळत नाही. उत्तरपत्रिका तपासणारी किंवा प्रश्नपत्रिका तयार करणारी साधने महाविद्यालयांत येतील, तेव्हा अध्यापकाला कोण विचारणार आणि कशाच्या आधारे?

उत्तर अगदीच नाही असे नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ नुसार महाविद्यालय विकास समितीत अध्यापकांनी निवडलेले अध्यापक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा निर्वाचित प्रतिनिधी यांना स्थान आहे. कोणते साधन घ्यायचे, विद्यार्थ्यांची माहिती कोठे जाणार, चुकीची जबाबदारी कोणाची, हे विषय या समितीपुढे रीतसर आणता येतात. ते आणले नाहीत तर निर्णय खरेदीच्या निविदेत होईल आणि अध्यापकांच्या वाट्याला कार्यशाळेची उपस्थिती उरेल.

७. काही आक्षेप

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, करारांना वेळ लागतो आणि स्पर्धा थांबत नाही. शिवाय लहान आस्थापनांत संघटनाच नसतात. आक्षेप खरा आहे. पण अटी ठरवण्यासाठी संघटना हा एकमेव मार्ग नाही. दहा माणसांच्या कार्यालयातही 'साधनाने दिलेल्या उत्तराची जबाबदारी कोणाची' हे एका पानावर लिहिता येते. ते लिहिले जात नाही याचे कारण वेळेचा अभाव हे क्वचितच असते.

दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. स्वयंचलित माग मालकानेच आणावा लागे; कृत्रिम बुद्धिमत्ता कर्मचारी स्वतःच खिशातल्या मोबाईलमधून आणतो, मग गळी उतरवण्याचा प्रश्न येतो कोठे? हा भेद महत्त्वाचा आहे. मात्र त्यातून निबंधाचा मुद्दा अधिकच बळकट होतो. मागच्या दाराने होणारा वापर लपवला जातो, कारण तो उघड केल्यास शाबासकी मिळेल, कामाचा बोजा वाढेल की शिस्तभंगाची नोटीस येईल, हे कर्मचाऱ्याला ठाऊक नसते. लपवलेल्या वापरातील चुकाही लपलेल्या राहतात आणि त्यांतून संस्थेला काहीच शिकता येत नाही. अटी स्पष्ट झाल्या तरच हा वापर समोरच्या दाराने येईल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) 'बदलाला विरोध' ही संकल्पना कर्मचाऱ्याचा हिशेब आणि त्याची शंका या दोन्ही गोष्टी एकाच दोषाखाली नोंदवते. हिशेबाला उत्तर दिले पाहिजे आणि शंका जपली पाहिजे.

२) साधन उपयुक्त 'वाटणे' हे त्याच्या यशाचे माप असू शकत नाही. वेळ, चुका आणि दर्जा यांची प्रत्यक्ष मोजणी हवी आणि तिचे निकाल कर्मचाऱ्यांना दाखवले गेले पाहिजेत.

३) प्रशिक्षणाचा गाभा साधनाच्या चुका ओळखणे हा असावा. त्या त्या कार्यालयात घडलेल्या चुकांवर आणि तेथील अनुभवी कर्मचाऱ्यांच्या नेतृत्वाखाली ते व्हावे.

४) तपासणीचा वेळ कामाच्या तासांत धरावा. ज्याला तपासायला वेळ दिला नाही, त्याच्यावर चुकीची जबाबदारी टाकू नये.

५) ज्यांच्या कामातून साधन शिकते, त्यांच्या ज्ञानाची दखल वेतनात किंवा पदात घेतली जावी.

६) विशिष्ट कामासाठी साधन न वापरण्याचा, कारण देऊन नकार देण्याचा हक्क लेखी असावा.

यांपैकी एकही गोष्ट कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विरोधात नाही. नवख्या ग्राहकसेवा प्रतिनिधीला मिळालेला आधार खरा आहे आणि तो आपल्या विद्यार्थ्यांना, लिपिकांना, सहकाऱ्यांनाही मिळावा. परंतु स्वीकार हा वरून खाली वाटण्याचा जिन्नस नाही. गळी उतरवण्याचे काम संस्था करू शकते. पचनी पडणे आणि हात बसणे हे काम करणाऱ्यावरच सोपवावे लागते. त्यासाठी त्याला वेळ, हक्क आणि विश्वास देणे, एवढीच मदत संस्थेच्या हाती आहे, आणि तीच आजवर सर्वांत कमी दिली गेली आहे.